कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचे पहिले वर्ष: रोजच्या ऐकण्याची घडी कशी बसवावी

कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे श्रवणचेतेला थेट संकेत देणारे यंत्र कानात बसवण्याची, शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. ऐकणे मात्र त्यानंतर घरात, कचेरीत, बाजारात आणि लोकलच्या डब्यात नव्याने शिकावे लागते. हा लेख मुख्यतः अशा प्रौढ व्यक्तींसाठी आहे, ज्यांना पूर्वी ऐकू येत होते, ज्यांची मराठी पक्की आहे, पण श्रवणशक्ती गेल्यामुळे ज्यांनी एका कानात इम्प्लांट बसवून घेतले आहे. त्यांच्या घरच्यांनीही तो वाचावा, कारण यातील निम्मी कामे त्यांच्या वाट्याची आहेत. माझे मत असे आहे की, रोजच्या ऐकण्यात महागड्या सोयींपेक्षा तीन साध्या गोष्टी जास्त फरक पाडतात: यंत्र दिवसभर कानावर असणे, बोलणाऱ्याचे अंतर कमी असणे आणि भोवतालचा गोंगाट आटोक्यात असणे. पुढील बहुतेक सूचना या तिन्हींच्या भोवतीच फिरतात.

यंत्र काय देते, काय देत नाही

कानामागे बसणाऱ्या प्रोसेसरमधील मायक्रोफोन आवाज टिपतो, प्रोसेसर त्या आवाजाचे खालच्या-वरच्या पट्टीनुसार भाग पाडतो आणि चुंबकाने डोक्याला चिकटलेली कॉईल ती माहिती रेडिओलहरींनी त्वचेखालच्या भागाकडे पाठवते. तेथून निघालेली इलेक्ट्रोडची बारीक तार कानाच्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, बसवलेली असते आणि ती श्रवणचेतेला थेट विद्युतसंकेत देते. निरोगी कानात हजारो केशपेशी जे काम करतात, ते येथे कंपनीनुसार १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोडना करावे लागते. म्हणून बोलण्याची लय, शब्दांची लांबी आणि बहुतेक अक्षरांचा ठसा चांगला पोचतो, पण सुरांतले बारकावे आणि एकमेकांत मिसळलेले आवाज वेगळे करणे अवघड जाते. शांत खोलीत समोरासमोर बसून सहज गप्पा मारणारी व्यक्ती लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच गोंधळते, यात ना यंत्राचा बिघाड असतो ना त्या व्यक्तीचे लक्ष नसते.

स्विच ऑन आणि मॅपिंग

जखम भरल्यावर, साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांनी, प्रोसेसर पहिल्यांदा सुरू केला जातो. पहिल्या दिवशी बोलणे समजले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. अनेकांना सुरुवातीला नुसती टिकटिक किंवा शिट्टीसारखे आवाज ऐकू येतात. काहींना माणसांची बोलणी कार्टूनमधील पात्रांसारखी किंवा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटतात, आणि बाई बोलते आहे की पुरुष, हेही कळत नाही. मेंदूला नव्या संकेतांची सवय होते तसतसे हे आवाज निवळतात. सर्वांत मोठी सुधारणा बहुधा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते आणि वर्षभर, कधी त्यानंतरही, ती हळूहळू चालू राहते.

मॅपिंगमध्ये ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी दोन पातळ्या ठरवतात: जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि मोठा, तरीही सुखावह वाटणारा आवाज. पहिल्या काही आठवड्यांत या पातळ्या वरचेवर बदलतात. त्यामुळे घरी जाताना क्रमाक्रमाने मोठे होत जाणारे तीन-चार प्रोग्राम अनेकदा दिले जातात आणि एका प्रोग्रामची सवय झाली की पुढचा लावायचा असतो. आवाज टोचतो म्हणून महिनाभर पहिल्याच प्रोग्रामवर राहणे आणि लवकर ऐकू यावे म्हणून पहिल्याच दिवशी चौथ्यावर उडी मारणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

पुढच्या भेटीला जाताना निरीक्षणे लिहून न्यावीत. ‘बरं ऐकू येतंय’ या उत्तरातून ऑडिओलॉजिस्टला काहीच करता येत नाही. त्याऐवजी ‘स्टीलची भांडी आदळली की टोचतं’, ‘सासऱ्यांचा आवाज घुमतो, सुनेचा नीट कळतो’, ‘शब्दातला स ऐकूच येत नाही’, ‘संध्याकाळनंतर आवाज बारीक होतो’ अशा नोंदी असतील, तर कोणता इलेक्ट्रोड किंवा कोणती बॅटरी तपासायची हे त्यांना लगेच उमगते. बहुतेक आधुनिक प्रोसेसर किती तास वापरले गेले याची नोंद स्वतःच ठेवतात. तेव्हा दिवसाला तीनच तास यंत्र लावून ‘रोज लावतो’ म्हटल्याने काही साधत नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत, आंघोळीचा वेळ वगळून, ते कानावर असावे. थकवा आला तर अर्धा तास शांत खोलीत बसावे, पण शक्यतो यंत्र लावूनच. हा थकवा खरा असतो, कारण पूर्वी आपोआप होणारे काम आता लक्ष देऊन करावे लागते.

सकाळची तपासणी

रोज सकाळी दोन मिनिटे डॅनियल लिंग या श्रवणशिक्षणतज्ज्ञांच्या सहा ध्वनींची चाचणी करावी. घरातील कोणीतरी मागे किंवा बाजूला उभे राहून ‘म्’, ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’, ‘श्’, ‘स्’ हे ध्वनी क्रम बदलत, मध्येच थोडे थांबत उच्चारावेत आणि ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत म्हणावेत. ‘म्’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीत, ‘श्’ आणि ‘स्’ वरच्या पट्टीत असल्यामुळे बोलण्याचा जवळजवळ सगळा पल्ला या सहांत येतो. प्रथम हातभर अंतरावरून आणि नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ही चाचणी घ्यावी. कालपर्यंत येणारा ‘स्’ आज येत नसेल, तर बहुतेक वेळा दोष कानात नसून मायक्रोफोनच्या आवरणात साचलेल्या धुळीत, घामात किंवा तेलात असतो. ते आवरण बदलावे, मग बॅटरी बदलावी, मग कॉईलची वायर दुसरी लावून पाहावी. एवढे करूनही फरक पडला नाही, तरच इम्प्लांट केंद्राला फोन करावा.

दमट हवा, तेल आणि बॅटरी

आपल्याकडे प्रोसेसरचा मोठा शत्रू दमटपणा आहे. मुंबई-कोकणातील पावसाळा आणि विदर्भ-मराठवाड्यातील घाम यांमुळे मायक्रोफोन मंदावतो आणि धातूच्या टोकांवर गंज धरतो. रोज रात्री बॅटरी वेगळी करून, प्रोसेसर कोरड्या मऊ कापडाने पुसून ड्रायिंग बॉक्समध्ये ठेवावा. विजेवर चालणारा बॉक्स नसेल, तर घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल एवढे पुरते, मात्र जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावे किंवा बदलावे. ओला झालेला प्रोसेसर तांदळाच्या डब्यात खुपसू नये, कारण पिठाचे कण मायक्रोफोनच्या छिद्रात बसतात. हेअर ड्रायरची गरम हवा तर मुळीच देऊ नये.

केसांना तेल लावण्याची सवय सोडण्याची गरज नाही. रात्री यंत्र काढल्यावर तेल लावावे आणि सकाळी कॉईलची जागा व कानामागचा भाग कोरडा पुसून मगच यंत्र चढवावे. अंबाडा किंवा घट्ट बांधलेला स्कार्फ कॉईलला रेटत असेल, तर केशरचना थोडी खाली किंवा विरुद्ध बाजूला घ्यावी. चुंबकाच्या जागी त्वचा लाल दिसत असेल किंवा दुखत असेल, तर चुंबक गरजेपेक्षा जोरकस आहे. कॉईल सारखी गळून पडत असेल, तर तो कमजोर आहे. दोन्ही बाबतींत चुंबक बदलून मिळतो, त्यामुळे दुखणे अंगावर काढू नये.

बॅटरी रिचार्जेबल असेल, तरी ६७५ क्रमांकाच्या झिंक-एअर सेलवर चालणारा होल्डर आपल्या प्रोसेसरला मिळतो का, हे जरूर विचारावे. वीज गेलेल्या रात्रीनंतरची सकाळ त्याच्यामुळे निभावते. हे सेल इम्प्लांटसाठीचे, जास्त ताकदीचेच घ्यावेत, कारण साध्या श्रवणयंत्राचे त्याच आकाराचे सेल अनेकदा लवकर बसतात. सेलवरचा कागद काढल्यावर पाचेक मिनिटे तो उघड्या हवेत ठेवून मग घालावा.

सराव कोणत्या क्रमाने करावा

रोज अर्धा तास पुरतो, पण तो खरोखर रोजचा हवा. पहिल्या आठवड्यांत घरातले आवाज ओळखावेत: नळाचे पाणी, कुकरची शिट्टी, फोडणीची चरचर, कबुतरांचे घुमणे, दाराची कडी. आवाज आला की त्याचा उगम शोधावा, तो डोळ्यांनी पाहावा आणि मग डोळे मिटून पुन्हा ऐकावा. ‘हा कसला आवाज?’ असे विचारायला संकोचू नये. अनेकांना फ्रिज आवाज करतो हेच मुळी विसरायला झालेले असते.

त्यानंतर लांबीतील फरक घ्यावा. ‘दूध’, ‘बटाटा’ आणि ‘शेवग्याच्या शेंगा’ यांपैकी काय म्हटले, एवढेच ओळखायचे. समोरचा माणूस इम्प्लांटच्या बाजूला शेजारी बसला, तर ओठ आपोआप दिसेनासे होतात. त्याने तोंडावर हात धरला, तर आवाजच बदलतो. हे जमले की समोर चार-पाच शब्दांची यादी ठेवून जवळजवळचे शब्द घ्यावेत. आधी ‘काका–काकी’, ‘मीठ–माठ’ अशा स्वर बदलणाऱ्या जोड्या, मग ‘साप–शाप’, ‘भात–सात’ अशा व्यंजन बदलणाऱ्या जोड्या, आणि अगदी शेवटी ‘माल–माळ’, ‘ताक–टाक’, ‘पाट–पाठ’, ‘सन–सण’ या जोड्या. शेवटच्या गटातील फरक महिनोन्‌महिने साधले नाहीत, तरी त्यांच्यामागे हात धुऊन लागू नये. ‘गळ्यात माळ घातली’ आणि ‘दुकानात माल आला’ या वाक्यांत संदर्भच उलगडा करतो, आणि रोजच्या बोलण्यात शब्द सुटे येत नाहीत.

पुढची पायरी सलग बोलण्याची. घरातील व्यक्तीने एखादे पुस्तक किंवा मासिक हातात घ्यावे, विषय आधी सांगावा आणि एकेक वाक्य नेहमीच्या वेगाने वाचावे. ऐकणाऱ्याने ते शब्दशः परत म्हणावे. अडले तर एकदा पुन्हा, मग वाक्य तोडून, आणि तरीही नाही जमले तर दाखवून पुढे जावे. एकट्याने सराव करणाऱ्यासाठी बोलते पुस्तक आणि छापील प्रत सोबत ठेवून बोटाने ओळ धरत ऐकणे उत्तम. काही दिवसांनी तोच मजकूर पुस्तक मिटून ऐकावा. आकाशवाणीच्या मराठी बातम्याही चांगल्या, कारण उच्चार स्वच्छ असतात आणि वर्तमानपत्र वाचलेले असले की विषय ठाऊक असतो. मुंबईकरांना लोकलमधील ‘पुढील स्टेशन’ ही घोषणा आयतीच मिळते. उत्तर आधीपासून माहीत असताना आवाज कानात बसवण्याचा तो सोपा मार्ग आहे.

मराठी आकड्यांसाठी वेगळा वेळ काढावा. ‘पंचवीस–पस्तीस’, ‘बावन्न–ब्याण्णव’, ‘एकोणसाठ–एकोणसत्तर’ यांत ऐकू येणाऱ्यांचीही गल्लत होते, मग बँकेच्या खिडकीवर तर विचारूच नये. व्यवहारात सरळ ‘नऊ दोन’ असे सुटे अंक सांगायची विनंती करावी आणि ऐकलेला आकडा परत म्हणून खात्री करावी.

जेवणाचे टेबल, हॉल, कचेरी

मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचे अंतर निम्मे केले, की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. एवढा लाभ फुकटात देणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. म्हणून दुसऱ्या खोलीतून हाक मारून काही सांगण्याची घरातील पद्धत सर्वांत आधी बंद व्हावी. बसताना पाठ भिंतीकडे, इम्प्लांटचा कान माणसांकडे आणि उजेड बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असावा. गप्पा चालू असताना टीव्ही बंद आणि मिक्सर थोडा वेळ थांबलेला असावा. ओठ पाहून समजून घेण्यात कमीपणा नाही. सराव ओठ न पाहता करावा, संसार मात्र ओठ पाहून खुशाल करावा.

घरच्यांनी पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. आधी नावाने हाक मारावी, मान वळली की बोलावे. ओरडू नये, कारण प्रोसेसर मोठा आवाज दाबून टाकतो आणि ओरडताना शब्दांचा आकार बिघडतो. एकदा सांगून कळले नाही, तर दुसऱ्यांदा वाक्य बदलून सांगावे. आणि ‘जाऊ दे, काही विशेष नव्हतं’ हे वाक्य कायमचे टाकून द्यावे. कित्येकांना बहिरेपणापेक्षा या वाक्यानेच जास्त एकटे पाडलेले असते. ऐकणाऱ्यानेही न समजता ‘हो हो’ म्हणू नये. नुसते ‘काय?’ विचारले, तर पूर्ण वाक्य पुन्हा त्याच घाईत येते. त्याऐवजी ‘शनिवारी कुठे जायचं म्हणालात?’ असे विचारले, तर नेमका हरवलेला शब्द हाती लागतो.

बैठक, व्याख्यान किंवा वर्ग यांसाठी रिमोट मायक्रोफोन घेण्यासारखा आहे. तो बोलणाऱ्याच्या कॉलरला, तोंडापासून वीतभर अंतरावर लावला, की आवाज थेट प्रोसेसरमध्ये येतो आणि मधला गोंगाट बाजूला पडतो. कचेरीतील बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी मागून घ्यावेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अशा वाजवी सोयींची तरतूद आहे, त्यामुळे ती मेहेरबानी समजू नये. बोललेले मोबाइलवर मजकुराच्या रूपात उमटवणारी अॅप मराठीतही चालतात. दवाखान्यात मास्क लावून बोलणाऱ्या डॉक्टरांसमोर ती फार उपयोगी पडतात.

फोन

फोन कानाच्या छिद्राशी धरण्याची सवय मोडावी लागते, कारण बहुतेक प्रोसेसरचा मायक्रोफोन कानाच्या वरच्या कडेला असतो. फोनचा स्पीकर तेथे न्यावा. प्रोसेसरला ब्लूटूथची सोय असेल, तर आवाज थेट घेणे सर्वांत बरे. सुरुवात ओळखीच्या माणसापासून, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या विषयावर करावी: बहिणीला ‘आज काय स्वयंपाक केलास?’ एवढेच विचारावे. मग व्हिडिओ कॉल, मग साधा कॉल, मग अनोळखी माणूस, असा क्रम ठेवावा. प्रश्न असा विचारावा की उत्तर मोजक्या शब्दांत यावे: ‘मंगळवारी येऊ की बुधवारी?’

रस्ता, प्रवास, गणपती

एकाच कानात इम्प्लांट असेल, तर आवाज आला हे कळते, कोणत्या दिशेने आला हे नीट कळत नाही. रस्ता ओलांडताना हॉर्नच्या भरवशावर राहू नये, दोन्हीकडे पाहूनच पाऊल टाकावे. दुसऱ्या कानात थोडे ऐकू येत असेल आणि ऑडिओलॉजिस्टचा सल्ला असेल, तर त्या कानातील श्रवणयंत्र चालू ठेवावे. गर्दीच्या लोकलमध्ये बॅगेच्या पट्ट्याने कॉईल निघून पडते. प्रोसेसर बारीक दोरीने कॉलरला अडकवलेला असावा. हेल्मेट घेताना यंत्र लावूनच दुकानात घालून पाहावे, पण त्याचा आतला फोम कापू नये. विमानतळावर इम्प्लांटचे ओळखपत्र आधीच हातात ठेवावे, कारण धातुशोधक यंत्र वाजू शकते.

ढोल-ताशांच्या मिरवणुकीत प्रोसेसर ठरलेल्या पातळीच्या वर संकेत जाऊ देत नाही. तरी त्रास होत असेल, तर गोंगाटासाठीचा प्रोग्राम लावावा किंवा दूर सरावे. दुसऱ्या कानात श्रवणशक्ती शिल्लक असेल, तर खरी काळजी त्या कानाची घ्यायची असते.

संगीत

संगीताबाबत अपेक्षा बेताची ठेवून सुरुवात करावी. ठेका चांगला पोचतो, सूर धूसर पोचतो. त्यामुळे वाद्यवृंदाने भरलेले चित्रपटगीत कलकलाटासारखे वाटते, तर ढोलकी, तबला किंवा पखवाज ओळखीचा वाटतो. शब्द पाठ असलेली आरती टाळ्यांसह ऐकणे ही चांगली पहिली पायरी आहे. त्यानंतर एक गायक आणि एकच वाद्य असलेली जुनी, आवडती गाणी घ्यावीत. काहींना संगीताचा आनंद बऱ्याच अंशी परत मिळतो, काहींना मिळत नाही.

लहान मुलांबाबत

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाकडे भाषेची आठवण नसते, म्हणून त्याची वाट वेगळी आणि लांबची असते. तेथे नियमित श्रवण-वाणी थेरपी आणि दिवसभर घरच्या भाषेत भरपूर बोलणे हाच पाया असतो. मराठी सोडून इंग्रजी बोलण्याची गरज नाही. पात्र मुलांना दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळते आणि त्याची चौकशी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण दिव्यांगजन संस्थेत करता येते. मूल यंत्र बिघडल्याचे सांगू शकत नाही, त्यामुळे सहा ध्वनींची चाचणी त्याच्या बाबतीत चुकवूच नये, आणि कान दुखला किंवा वाहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी

मान किंवा खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपीत ‘मशीनचा शेक’ देतात, त्यात अनेकदा शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी आतून दिलेला शेक, असते. इम्प्लांट असलेल्या व्यक्तीने ती डोक्या-मानेच्या भागात कधीही घेऊ नये. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला इम्प्लांटची माहिती द्यावी, कारण डोक्या-मानेजवळ मोनोपोलर कॉटरी (विजेने ऊती कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे एक साधन) वापरता येत नाही. एमआरआय सरसकट वर्ज्य नसतो, पण आतील चुंबकाच्या प्रकारानुसार किती टेस्लापर्यंत (एमआरआयच्या चुंबकीय ताकदीचे एकक) चालेल, डोक्याला पट्टी बांधावी लागेल की चुंबक काढावा लागेल, हे मॉडेलप्रमाणे बदलते. म्हणून ओळखपत्राचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातील आणखी एकाकडे ठेवावा. इम्प्लांटनंतर मेंदूज्वराचा धोका किंचित वाढतो, तेव्हा न्यूमोकॉकस या जीवाणूवरची लस पूर्ण झाली आहे का ते विचारावे, आणि ताप, तीव्र डोकेदुखी व मान ताठ होणे एकत्र आले तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागल्यानंतर ऐकणे बदलले, तर यंत्र तपासून घ्यावे.

रात्री यंत्र काढल्यावर काहीच ऐकू येत नाही, म्हणून उशीखाली कंपन करणारे घड्याळ आणि दाराच्या घंटेला जोडलेला दिवा बसवून घ्यावा. शेवटी पैशांची बाब: आतील भाग बहुधा आयुष्यभर टिकतो, पण प्रोसेसर, वायर, कॉईल आणि बॅटऱ्या झिजतात. हमीचा काळ कधी संपतो ते कॅलेंडरवर लिहावे, तो संपण्याआधी एकदा सगळे सुटे भाग तपासून घ्यावेत, प्रोसेसरचा विमा काढावा आणि एक जादा वायर नेहमी घरात ठेवावी, कारण ती तुटते ती बहुधा सुट्टीच्या दिवशी.